आपल्या टाकीत कोण राहतं?

"मम्मी, मला चित्र येत नाही."

माझी लेक सात वर्षांची असताना हे म्हणाली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. कुठल्यातरी स्पर्धेवरून आली होती, विषय होता 'पाणी वाचवा', आणि तिने दोन हात आणि त्या हातांत पृथ्वी असं काढायचा प्रयत्न केला होता, कारण आदल्या दिवशी फळ्यावर तेच काढून दाखवलं होतं. हात जमले नव्हते. खोडून खोडून कागद नेमका तिथेच फाटला होता. हीच पोरगी चार वर्षांची असताना खडू घेऊन अख्खी गच्ची भरवायची, पाऊस आला की रडायची माझे हत्ती गेले म्हणून, आणि आता म्हणते येत नाही. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. मधल्या तीन वर्षांत तिच्या हाताला काही झालं नव्हतं, मग काय झालं होतं?

मी लातूरला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा, बस. आणि आमचं गाव कशासाठी ओळखलं जातं ते सगळ्यांना माहितीये, लातूर पॅटर्न. बाहेरगावची पोरं इथे रूम करून राहतात, नीट-जेईईची तयारी करतात, आणि ते बघून आमच्या बिल्डिंगमधली लेकरंसुद्धा पाचवी-सहावीपासूनच कसल्या ना कसल्या फाउंडेशनच्या क्लासला जातात. त्यामुळे रविवारचा दुपारी 4 ते साडेपाच एवढा दीड तास मिळवायलाच मला दारोदार फिरून प्रत्येकीला विचारावं लागलं. पार्किंगमध्ये सतरंजी टाकली, ऑफिसमधून जुन्या फॉर्मचे पाठकोरे कागद आणले (आमच्याकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत जातो, साहेबांना विचारूनच आणले), तेलखडूंच्या दोन पेट्या आणि काळे पेन. पहिल्या दिवशी 11 लेकरं आली. सगळ्यात लहान चार वर्षांचा, सगळ्यात मोठी बारा वर्षांची.

आणि मी म्हणाले, "तुम्हाला पाहिजे ते काढा."

11 पैकी 8 जणांनी एकच चित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाकडी नदी, एका बाजूला झोपडी, एका बाजूला नारळाचं झाड, आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. तुम्हीही काढलं असेल, मीही काढलंय, माझ्या आईनेही तिच्या शाळेत हेच काढलं होतं. लातूरला डोंगर कुठायत, नारळाचं झाड या पोरांनी कितीदा पाहिलंय, आणि नदी म्हणावी तर मांजरा, तिच्यात असं निळंशार पाणी बारा महिने कुणी पाहिलंय? म्हणजे या लेकरांनी जे कधी पाहिलंच नाही ते ती न चुकता काढत होती आणि जे रोज बघतात त्यातलं एकही कागदावर नव्हतं. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी कार्टून काढलं आणि वॉचमनदादांचा मुलगा, नऊ वर्षांचा, तो कागद हातात घेऊन नुसता बसून राहिला.

मला तेव्हा वाटायचं मोकळीक दिली की लेकरू खुलतं. पण 'पाहिजे ते काढ' म्हणजे त्याला मोठ्या मैदानात एकटं सोडून देण्यासारखं आहे, ते घाबरतं आणि ओळखीच्या भिंतीला जाऊन चिकटतं. डोंगर-सूर्य ही ती भिंत. तिथे चुकायची भीती नाही, कुणी हसत नाही, आई छान म्हणते.

दुसऱ्या रविवारी मी सगळ्यांना आधी गच्चीवर नेलं. आमच्या गच्चीवर प्लास्टिकच्या चार काळ्या टाक्या आहेत. एका टाकीवर हाताने ठोकलं, आतून डुब्ब असा आवाज आला, आणि विचारलं, "आपल्या टाकीत कोण राहतं?" कुणीतरी म्हणालं पाणी. मी म्हटलं पाणी तर आहेच, पाण्यासोबत कोण? उत्तर तोंडाने द्यायचं नाही, खाली जाऊन काढायचं. एवढंच.

त्या दिवशीचं वॉचमनदादांच्या मुलाचं चित्र माझ्याकडे अजून आहे, आत्ता लिहिताना समोर ठेवलंय. पानाचा अर्धा भाग टाकीनेच भरलाय, आणि टाकी उभी कापल्यासारखी, आतलं सगळं दिसतंय. आत मगर. मगरीच्या शेजारी शेगडी, शेगडीवर तवा, वर जायला शिडी. मगरीने एका हातात पाइपाचं तोंड दाबून धरलंय. तो पाइप टाकीतून निघून बिल्डिंगच्या बाजूने खाली उतरतो, प्रत्येक मजल्यावर एक फाटा, प्रत्येक फाट्याखाली एक बादली. वरच्या मजल्यावरची बादली भरून वाहतेय, मधली अर्धी, आणि सगळ्यात खाली एक खोली, त्या खोलीत एक बाई घागर घेऊन उभी. तिच्या नळाला पाणी नाही. मी विचारलं, "इथे काय चाललंय?" तर म्हणतो, "काकू, मगरीच्या मनात आलं तरच ती पाइप सोडती. आमच्याकडं शेवटी येतंय पाणी, तवर ती दमलेली असती."

मी काही बोलले नाही, बोलताच आलं नाही. नंतर मागच्या बाजूला जाऊन बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी पाइपाला खरंच एक वळण आहे, खिडकीला वळसा घालून तो खाली जातो. चित्रात ते वळण बरोब्बर तिथेच होतं. मी या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं राहते आणि मला ते माहीत नव्हतं.

माझ्यासाठी सगळं तिथे उलगडलं. मी समजत होते की कल्पनाशक्ती म्हणजे डोळ्यांसमोर नसलेलं काहीतरी हवेतून आणणं. पण डोंगर-सूर्याच्या चित्रात हवेतलंही काही नव्हतं आणि पाहिलेलंही काही नव्हतं. मगरीच्या चित्रात दोन्ही होतं. मगर खोटी म्हणून पाइप खरा काढावा लागला. जवळची वस्तू घ्यायची आणि त्यातली एकच गोष्ट हलवायची, की लेकरू बाकीचं सगळं आठवून आठवून भरतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक कलाशिक्षक होते, जन्म ऑस्ट्रियातला, पुढे अमेरिकेत शिकवायचे, त्यांनी 1947 साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण चार वर्षांपर्यंत रेघोट्या, मग सातपर्यंत आकार शोधणं, मग सात ते नऊ प्रत्येक गोष्टीचा एक ठरलेला आकार आणि खाली जमिनीची रेघ, आणि नऊनंतर 'खरंखुरं दिसलं पाहिजे' ही ओढ. सात-आठ-नऊ वर्षांची मुलं भिंत पारदर्शक करून आतलं दाखवतात, एक्सरे काढल्यासारखं, हेही त्यांनी लिहिलंय. म्हणजे टाकी कापलेली काढली ही चूक नव्हती, त्या वयाची ती रीतच आहे, डोळ्याला काय दिसतं यापेक्षा स्वतःला काय माहितीये ते महत्त्वाचं असतं. आणि रंगवायच्या पुस्तकांना या माणसाचा ठाम विरोध होता, दुसऱ्याने आखून दिलेल्या रेघेच्या आत रंग भरत बसलं की मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास जातो म्हणून. हे वाचल्यावर मी वाढदिवसांना कलरिंग बुक देणं बंद केलं, आता पाठकोऱ्या कागदांची वही शिवून देते. ज्या आयांना हे पटत नाही त्यांना मी चित्रांची फाईल दाखवते.

पण प्रत्येक प्रश्न चालतो असं अजिबात नाही. माझे कितीतरी रविवार फुकट गेले. 'तुमच्या स्वप्नातलं शहर' दिलं, सगळ्यांनी उंच बिल्डिंगा काढल्या. 'परग्रहावर गेलात तर' दिलं, सगळ्यांनी रॉकेट आणि झेंडा काढला. 'तुम्ही सुपरहिरो असता तर', टीव्हीवरचेच सगळे उतरले. मला आधी वाटलं विषय जेवढा मोठा तेवढी कल्पना मोठी होईल, झालं उलटंच, कारण मोठ्या आणि लांबच्या विषयांची चित्रं टीव्हीने पोस्टरने आधीच काढून ठेवलेली असतात, लेकरू तीच उचलतं. परग्रह त्याने बघितलेला नाही पण परग्रहाचं चित्र शंभरदा बघितलंय. याउलट 'हरवलेला एक सॉक्स सध्या काय करतोय' याचं चित्र आजवर कुठेच छापलेलं नाही. 'फ्रिजचं दार लावल्यावर आत कोण कोणाशी बोलतं', 'विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उंदीर कुठे गेला', 'एसटीत खिडकीची सीट म्हशीला मिळाली', असले प्रश्न चालले. माझ्या लेकीच्या फ्रिजमध्ये कोथिंबीर रडत होती कारण तिला पिशवीत गुंडाळून सगळ्यांच्या मागे ठेवलं होतं. रडणारी कोथिंबीर कशी काढायची हे तिने कुणालाही विचारलं नाही.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी विचारलं, पोळ्याला बैलांनीच माणसाला सजवलं तर? आता बिल्डिंगमधल्या बऱ्याच लेकरांना पोळा म्हणजे मातीचे बैल, शाळेत सुट्टी आणि घरी पुरणपोळी, त्यांनी माणसाच्या डोक्यावर शिंगं काढून रंगवली आणि विषय संपला. पण दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेलं एक कुटुंब आहे, त्यांची औशाकडे शेती आहे, त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. तो म्हणाला, "असं कसं काकू, आदल्या दिवशी आधी खांदमळणी करावी लागती." त्याने कागदाचे दोन भाग केले. डाव्या बाजूला रात्र, गोठ्यात माणूस दावणीला उभा आणि बैल त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळतोय. उजव्या बाजूला दुसरा दिवस, माणसाच्या पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, आणि बैल दोन पायांवर उभा राहून त्याला पुरणपोळी भरवतोय. मी नुसतं म्हटलं, "तू आदली रात्र पण काढलीस." तर म्हणतो, "खांदा दुखत असतोय ना वर्षभर." बाकीची लेकरं उठून त्याच्याभोवती गोळा झाली, खांदमळणी म्हणजे काय, झूल कोण शिवतं, बैल लाथ मारत नाही का. जो पोरगा शाळेत गावाकडचा म्हणून गप्प बसायचा तो त्या दिवशी अर्धा तास बोलत होता. पुढच्या रविवारी त्याची आई स्वतः खाली आली आणि काही न बोलता सतरंजी टाकायला लागली.

आता चुका सांगते, कारण कुणी हे करायचं ठरवलंच तर याच जास्त उपयोगी पडतील.

पहिले काही आठवडे मी प्रत्येकाजवळ जाऊन विचारायचे, "अरे वा, हे काय आहे?" माझ्या मनात काही नव्हतं, पण एका मुलीने लगेच कागद पालथा घातला. तिला वाटलं काकूंना ओळखू येईना म्हणजे चुकलंय. तेव्हापासून 'हे काय आहे' बंद, त्याऐवजी 'इथे काय चाललंय?' या एवढ्याशा फरकाने लेकरू गोष्ट सांगायला लागतं. 'छान छान'ही कमी केलं. सुरुवातीला प्रत्येकाला छान म्हणायचे, मग ती चार रेघा ओढून झाल्या की कागद घेऊन पळत यायची, काकू छान झालंय ना? आता मी जे दिसतंय ते बोलते. पाइपाला वळण दिलंस. म्हशीचे डोळे खिडकीबाहेर बघतायत. यात कौतुक नाहीये असं वाटतं पण लेकराला कळतं की काकूंनी नीट बघितलंय.

दुसरी चूक मोठी होती. एकीने 'आठ हातांची आई' इतकी सुंदर काढली होती, एका हातात मोबाईल, एकात लाटणं, एकात इस्त्री, आणि एक हात नुसता रिकामा, तो स्वतःच्याच पाठीवर ठेवलेला. मला राहवलं नाही, मी ते लिफ्टच्या शेजारी चिकटवलं. पुढचे तीन आठवडे विषय काही का असेना, प्रत्येकाच्या चित्रात कुणाला ना कुणाला आठ हात. आणि जिचं चित्र लावलं होतं ती पोरगी दुसरं काही काढेचना, तिला परत तसंच भारी काढायचं होतं. मी एक चित्र वर काढलं आणि बाकी सगळ्यांना सांगून टाकलं की काकूंना काय आवडतं. आता लावायची तर सगळ्यांची लावते, एका दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी, नाहीतर कुणाचीच नाही.

खोडरबर मी दुसऱ्याच महिन्यात काढून घेतलं. रडारड झाली. पण रबर असलं की हात एक रेघ पुढे जातो आणि दोन रेघा मागे येतो, पंचवीस मिनिटं झाली तरी कागदावर नुसता काळपट डाग. काळ्या पेनने काढायचं, चुकलं तर चुकलेल्या रेघेचं काय करता येईल ते बघायचं. माझ्या लेकीला यात सगळ्यात जास्त वेळ लागला, फाटलेला तो कागद तिच्या मनात होता. एकदा तिच्या मांजरीचा पाय भलताच लांब गेला, माझ्याकडे बघितलं, डोळ्यात पाणी. मी पण नुसती बघत राहिले, काही सुचवलं नाही, आणि हे काही न सुचवणं फार अवघड असतं हो. दोन मिनिटांनी तिने त्या पायाला पायऱ्या काढल्या आणि त्यावरून उंदीर चढवले.

चार-पाच वर्षांच्या लेकरांना प्रश्न वगैरे कळत नाहीत, त्यांच्यासाठी मी डाग वापरते. उरलेला चहा कागदावर सांडायचा, कपाच्या बुडाचे गोल उमटवायचे, वाळू द्यायचं आणि मग यात कोण लपलंय ते शोधायचं. ही काही माझी युक्ती नाही, लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी चित्रकारांना लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे सगळं दिसेल. आमच्या चार वर्षांच्या पठ्ठ्याला एकाच डागात आधी कासव दिसलं, मग ते कासव म्हणजे पप्पांची गाडी झाली, मग गाडी झोपली. त्याचं चित्र संपल्यावर बघायचं नसतंच, चालू असताना शेजारी बसून ऐकायचं असतं.

अर्धवट रेघेचा खेळ मात्र सगळ्या वयांना चालतो. प्रत्येकाच्या कागदावर मी एकच वाकडी रेघ काढून देते, सगळ्यांना सारखी, आणि ती पूर्ण करायची. अमेरिकेतल्या टॉरन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात सर्जनशीलतेच्या ज्या चाचण्या बनवल्या त्यात अशाच अपुऱ्या आकृत्या असतात आणि त्याला गुण देतात. मी गुण देत नाही. गुण आमच्या गावात लेकरांना भरपूर मिळतात. मी फक्त शेवटी सगळे कागद एका ओळीत मांडते, कागद उलटा करून रेघ वापरायची आयडिया कुणाला सुचली ते बघून पोरं स्वतःच ओरडतात.

सगळ्यात जास्त काळजी मला मोठ्यांची वाटायची, सहावी-सातवीच्या दोघी. त्या चित्र काढायच्या आणि चुरगाळायच्या, आमचं बाळबोध दिसतं काकू म्हणून. याच वयात बहुतेक मुलं चित्र सोडतात ती कायमची. त्यांना टाकीतली मगर नको होती, त्यांना खरंखुरं दिसायला हवं होतं, आणि ते मागणं बरोबर होतं. मग त्यांना दाराबाहेरच्या चपला दिल्या. स्वतःची चप्पल समोर ठेवायची, कागदाकडे न बघता, पेन न उचलता, डोळा जसा कडेवरून सरकेल तसा हात सरकवायचा. पहिली चप्पल वेडीवाकडी येते, सगळ्यांचीच येते, त्यामुळे लाज वाटत नाही. चौथी-पाचवी काढेपर्यंत अंगठ्याची झीज, उसवलेला पट्टा, टाचेकडे बसलेला खड्डा हे सगळं रेघेत यायला लागलं. मग विचारलं, ही चप्पल आज कुठे कुठे जाऊन आली? सातवीतलीने चपलेच्या तळव्यावर अख्खा नकाशा काढला, घर, शाळा, क्लास, दुसरा क्लास, घर. मधे कुठेच मैदान नव्हतं. तिने ते चित्र तिच्या वडिलांना दाखवलं की नाही मला माहीत नाही.

वडिलांवरून आठवलं. एका बाबांनी मुलाचं चित्र घरी नेऊन रात्री स्वतः नीट केलं, गाईला बरोबर मापाचे पाय काढून दिले. पुढच्या रविवारी तो मुलगा म्हणाला, मी नाही काढत, पप्पा चांगलं काढतात. मी त्यांच्याशी भांडले नाही, पण स्पष्ट बोलले की दादा, त्याच्या कागदावर तुमचा हात नको, तुम्हाला काढावंसं वाटतंय तर खाली या, तुम्हाला वेगळा कागद देते. आणखी एकीने विचारलं याचा ग्रेड परीक्षेला उपयोग होईल का, दहावीला वाढीव मार्क मिळतात. मी खरं ते सांगितलं. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं. मी स्मरणचित्रासाठी चार पोजेस पाठ केल्या होत्या, एक बाई डोक्यावर पाटी घेऊन, एक माणूस पाठमोरा, एक मूल हात धरून, एक सायकलवाला, विषय बाजार असो की बसस्टँड, तेच चौघे बसवायचे. पास झाले. पण बाजारात जाऊन बाजार कधी बघितला नाही. ज्या लेकराला बघायची सवय लागली त्याला परीक्षा जड जाणार नाही असं मला मनापासून वाटतं, पण मी परीक्षेसाठी हे करत नाही.

उन्हाळ्यात एकदा मी त्यांना 2016 ची गोष्ट सांगितली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीला 10 टँकर, 5 लाख लिटर. यातली बरीच लेकरं तेव्हा जन्मलीही नव्हती, त्यांना खोटंच वाटलं. मग विचारलं, पाण्यासोबत त्या गाडीतून चोरून आणखी कोण आलं? मासे आले, बेडूक आले, एक मिरजेची म्हातारी आली जिला लातूरच्या बहिणीला भेटायचं होतं. माझ्या लेकीने टँकरच्या आत पाऊस काढला. पाऊस तिकीट काढून आला होता. संध्याकाळी आयांनी ती चित्रं बघितली आणि मग पार्किंगमध्येच तासभर त्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या, कोण किती वाजता उठायचं, घागरींच्या रांगा कुठपर्यंत जायच्या, आणि लेकरं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

आणि गोलाई. लातूरबाहेरच्यांसाठी सांगते, गंजगोलाई म्हणजे आमच्या गावातली गोल बाजारपेठ, मध्ये देवीचं मंदिर आणि चारी बाजूंनी 16 रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्या कॅलेंडरांची पानं जोडून मोठा गोल केला, त्याला 16 रस्ते आखले आणि विचारलं, प्रत्येक रस्त्यावरून कोण येतंय? तोवर 14 लेकरं झाली होती, दोन रस्ते मी आणि ती औशाची आई असे घेतले. गोलाच्या भोवती सगळे पालथे पडून काढत होते, त्यामुळे प्रत्येकाचं चित्र त्याच्या बाजूने सरळ आणि दुसऱ्याच्या बाजूने उलटं, घरं रस्त्याच्या दोन्हीकडे आडवी पडलेली, माणसांचे पाय सगळे रस्त्याकडे. लहान मुलं एरवीही असंच काढतात, घडी उलगडल्यासारखं, आणि गोलाईला तेच शोभलं. एका रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर, एकावरून नवरी, एकावरून सॉक्स (तोच, हरवलेला), एकावरून नीटवाल्या पोरांची रांग, सगळ्यांच्या पाठीला सारखी बॅग. वॉचमनदादांच्या मुलाच्या रस्त्यावरून मगर येत होती, डोक्यावर घागर. मी विचारलं, काय रे, काय करलालीय ही? "पाणी भरूलालीय काकू. टाकी आता दुसऱ्याला दिली."

चार महिन्यांपासून प्रश्न मी देत नाही. बिस्किटांचा एक डबा ठेवलाय, त्यात लेकरं चिठ्ठ्या टाकतात आणि रविवारी एक उचलायची. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले असतात. 'आजीचे दात रात्री ग्लासात काय बोलतात.' 'शून्याला कुणी मारलं.' गेल्या रविवारची चिठ्ठी होती, 'सगळे झोपल्यावर गेट काय करतं?' अक्षरावरून कळलं कुणाची आहे, गेटच्या शेजारीच राहतो तो. सगळ्यांनी कागद घेतले, मीही घेतला. पेन उघडलं आणि दहा मिनिटं माझ्या कागदावर काहीच नाही, माझ्या डोळ्यांसमोर नुसतं एक लोखंडी गेट, उभ्या सळ्या, कडी, कुलूप. तो माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझ्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाला, "काकू, आधी गेटाला झोप येती का नाही ते ठरवा. मग सुचतंय."

मी ठरवलं की येते, पण रात्रीपाळीवाल्या काकांची बाईक आत आल्याशिवाय त्याला झोपता येत नाही. मग एक सळई वाकडी काढली, जांभई दिल्यासारखी.